कबुलीजबाब वाचायचा कसा? टिमोथी इव्हान्सच्या केसवरून

पेपरात "आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली" एवढी ओळ आली की आपण पुढचं वाचतच नाही, संपला विषय. मीही असंच करायचो. नंतर लंडनच्या १० रिलिंग्टन प्लेस या घरातल्या खुनांची केस नीट वाचली आणि तेव्हापासून कुठल्याही खुनाच्या केसचं वाचायचं तर वही घेऊनच बसतो. ती पद्धत इथे लिहितोय, सोबत हीच केस घेऊन, म्हणजे नुसतं हवेत राहणार नाही.

आधी माणसं. टिमोथी इव्हान्स, वेल्समधला, पंचविशीचा, व्हॅन ड्रायव्हर, लिहिता-वाचता जेमतेम येणारा, आणि थापा मारायची सवय असलेला. बायको बेरिल आणि वर्षाची मुलगी जेराल्डिन यांच्यासोबत वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचा. तळमजल्यावर जॉन ख्रिस्ती, पन्नाशीचा, पहिल्या महायुद्धातला सैनिक, दुसऱ्या युद्धात राखीव पोलीस, हळू आवाजात बोलणारा, सभ्य. नोव्हेंबर १९४९ मध्ये बेरिल आणि जेराल्डिन दोघींचा गळा आवळून खून झाला. इव्हान्सला ९ मार्च १९५० ला फाशी झाली, आणि सरकारी पक्षाचा मुख्य साक्षीदार होता ख्रिस्ती.

आता वहीच्या पानावर तीन रकाने पाडा. पहिल्यात तारीख, दुसऱ्यात आरोपी काय म्हणाला, आणि तिसऱ्यात, हाच खरा महत्त्वाचा, त्या घडीला पोलिसांना आधीच काय माहीत होतं. घाई करू नका, एकेक जबाब वेगळ्या ओळीत घ्या.

३० नोव्हेंबर १९४९. इव्हान्स स्वतः वेल्समधल्या मर्थर टिडफिलच्या पोलीस स्टेशनला गेला आणि म्हणाला, बायको गर्भ पाडायचं औषध पिऊन मेली, मी तिला घरासमोरच्या गटारात टाकलं. तिसरा रकाना: पोलिसांना काहीच माहीत नाही. लंडनच्या पोलिसांनी जाऊन चेंबरचं झाकण उघडलं तर ते उचलायलाच तीन माणसं लागली, आणि आत काही नाही. म्हणजे याने एकट्याने ते उचललं हे शक्यच नव्हतं. मग त्याने जबाब बदलला, की ख्रिस्तीने गर्भपात करून देतो म्हणून सांगितलं होतं, मी संध्याकाळी कामावरून आलो तर ती मेलेली, आणि मुलगी ईस्ट ॲक्टनमधल्या एका जोडप्याकडे ठेवायची व्यवस्था करतो असं ख्रिस्ती म्हणाला, आधी खोटं बोललो ते त्याला वाचवायला.

इथे जरा थांबा आणि रकाना बघा. अजून प्रेतं कुठे आहेत हे इव्हान्सला सांगता येत नाहीये. ज्याने लपवली त्याला गटारात नाहीत हे तरी माहीत असणार ना?

२ डिसेंबर. घरामागच्या धुण्याच्या खोलीत पोलिसांना दोन्ही प्रेतं सापडली. त्या रात्री इव्हान्सला लंडनला आणलं, प्रेतांच्या अंगावरचे कपडे त्याच्या समोर ठेवले आणि अधिकाऱ्याने सांगितलं, दोघी अमुक ठिकाणी सापडल्या, गळा आवळून मारलंय, आणि आम्हाला वाटतं तू मारलंस. तो "हो" म्हणाला. मुलगी गेली हे त्याला तिथेच कळलं, असं त्याने पुढे कोर्टात सांगितलं. त्यानंतरचा कबुलीजबाब तपशीलवार आहे, पण तो तपशील कबुलीच्या आधीच पोलिसांकडे होता! तिसरा रकाना भरलेला आणि मग दुसरा भरतोय, असं दिसलं की त्या ओळीला लाल पेनाने गोल करा.

दुसरी गोष्ट, भाषा बघा. ज्याला धड वाचता येत नाही त्याच्या जबाबात बायको एकामागून एक कर्ज "इनकर" (incur, म्हणजे अंगावर घेणं) करत होती असा साहेबी शब्द येतो. आपल्याकडे शेतमजुराच्या जबाबात "सदर इसमास मी ओळखतो" असतं ना, तसंच. लिहिणाऱ्याचीच भाषा आहे ती. त्यावरून जबाब खोटा ठरत नाही, पण तो कोणाच्या डोक्यातून आलाय हा प्रश्न विचारायला पाहिजे.

आपल्याकडच्या बातम्या वाचताना हाच रकाना उपयोगी पडतो. पोलिसांसमोरची कबुली आपल्या कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. सूट एकच, आरोपीने सांगितल्यामुळे काही नवीन सापडलं तर तेवढा भाग चालतो. म्हणून बातमीत आधी हत्यार सापडलं की आधी कबुली, हा क्रम शोधा.

आता साक्षीदार. हे सगळ्यात अवघड, कारण आपण माणसाच्या वागण्यावर जातो. खोटारडा इव्हान्स आणि सभ्य ख्रिस्ती, ज्यूरीने ४० मिनिटांत ठरवलं. ख्रिस्तीला चोरीच्या शिक्षा झालेल्या, १९२९ मध्ये एका बाईच्या डोक्यात क्रिकेटची बॅट घातल्याबद्दलही, ते कोर्टात आलं होतं, पण शेवटची शिक्षा १९३३ ची म्हणून सोडून दिलं. तर चौथा रकाना काढा: या साक्षीदाराला तिथे जायला-यायला कितपत मोकळीक होती, आणि त्याच्या बोलण्याला दुसरा कोणाचा आधार आहे का. ख्रिस्ती त्याच घरात, धुण्याची खोली त्याच्या दारामागे, आणि सगळी भिस्त त्याच्या शब्दावर. त्याच दिवसांत तिथे दुरुस्तीची कामं करणाऱ्या कामगारांना त्या खोलीत काही दिसलं नव्हतं, त्यांना साक्षीला बोलावलंच नाही.

आणि हो, जागा कशी तपासली तेही वाचा. घरामागच्या छोट्या बागेत एका जाळीला टेकू म्हणून माणसाच्या मांडीचं हाड लावलेलं होतं. ख्रिस्तीने १९४३ आणि १९४४ मध्ये मारून तिथेच पुरलेल्या दोन बायकांपैकी एकीचं. पोलीस तिथून गेले, हाड तसंच राहिलं. मला ही गोष्ट अजून सहन होत नाही.

त्याची किंमत बघा. डिसेंबर १९५२ मध्ये ख्रिस्तीने स्वतःच्या बायकोला मारलं, पुढच्या तीन महिन्यांत आणखी तिघींना. मार्च १९५३ मध्ये तो घर सोडून गेला, आणि स्वयंपाकघरात रेडिओ ठेवायला भिंतीत ब्रॅकेट बसवणाऱ्या भाडेकरूला वॉलपेपरमागचा कोनाडा सापडला, आत तीन प्रेतं. ख्रिस्तीने बेरिलचा खून कबूल केला. १५ जुलै १९५३ ला त्यालाही फाशी झाली.

शेवटचं काम, चौकशीचे निष्कर्ष क्रमाने लावा, कारण एकच वाचला तर फसाल. १९५३ च्या चौकशीने इव्हान्सच दोन्ही खुनांचा दोषी म्हटलं. १९६६ च्या चौकशीने उलटंच, बायकोला त्याने मारलं असावं, मुलीला नाही. आणि खटला फक्त मुलीच्या खुनाचा चालला होता, म्हणून त्याच वर्षी राणीची माफी मिळाली. २००४ मध्ये हायकोर्टाच्या न्यायाधीशांनी मान्य केलं की त्याने दोघींनाही मारलं नाही, पण केस पुन्हा अपिलात पाठवायला नकार दिला. त्यामुळे माफी आहे, पण १९५० चा दोषी ठरवणारा निकाल रद्द झालेला नाही.