संस्थेचे पाच ताळेबंद शेजारी शेजारी मांडा

लातूर-धाराशिवकडच्या लहान सेवाभावी संस्थांची किर्द-खतावणी मी लिहिते. मार्चअखेरीला सचिवांचा पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, खात्यात किती राहिले?" तेवढ्यावरून संस्थेची तब्येत कळत नाही.

धर्मादाय कार्यालयात दरवर्षी हिशेबपत्रकं देता, त्यांच्या पाच वर्षांच्या प्रती काढा. प्रत्येक वर्षाच्या शिल्लकेतून ठरावीक कामासाठी आलेला पैसा वजा करा. समजा 31 मार्चला खात्यात 9 लाख आहेत. त्यातले 6 लाख कंपनीने शेततळ्यांसाठी दिलेले, काम अजून व्हायचंय. 1 लाख कायम निधी, म्हणजे ज्याच्या मुद्दलाला हात लावायचा नाही अशी देणगी. संस्थेचे स्वतःचे उरले 2 लाख. मानधन, भाडं, वीज, ऑडिट असा न टळणारा खर्च महिन्याला 80 हजार असेल, तर संस्था अडीच महिने तग धरेल. हा आकडा वर्षागणिक पाच, चार, अडीच असा उतरत असेल, तर जमा वाढलेली दिसली तरी संस्था खंगतेय. वाढ प्रकल्पाची आहे, ती प्रकल्पाबरोबर जाणार.

30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर आपल्याकडे मदतीचा ओघ लागला होता. तसा पैसा संकटाबरोबर ओसरतो; बालवाडीच्या ताईंचं मानधन दरमहा द्यावंच लागतं. म्हणून निदान सहा महिन्यांची सोय हवी, असं माझं ठाम मत आहे.

"वर्षाच्या उत्पन्नातले 85 टक्के खर्च करावेच लागतात, मग साठवायचं कसं?" असं विश्वस्त विचारतात. आयकराच्या नियमात उरलेले 15 टक्के बाजूला ठेवायला मुभा आहे. त्याहून जास्त ठेवायचे तर हेतू लिहून मुदतीत फॉर्म भरावा लागतो. मार्च संपायच्या आधीच सीएंशी बोला. कायम निधीसाठी देणगीदाराचं तसं लेखी पत्र घ्या, नुसत्या तोंडी शब्दावर ती नोंद करू नका.

पण प्रकल्पाच्या पैशातून बचत होत नाही. त्यामुळे प्रस्तावातच हिशेबनिसाचं मानधन आणि भाड्याचा वाटा मागा. संस्था इथे फार संकोचतात. हिशेब चोख ठेवायलाही माणूस लागतो, हे देणाऱ्याला स्पष्ट सांगा.

गावातली वर्गणी सोयाबीन आडतीवर गेल्यावर, दिवाळीच्या सुमाराला मागा. 2,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर देणगीदाराला आयकर सवलत मिळत नाही, तेव्हा मोठी रक्कम चेकने किंवा यूपीआयने घ्या आणि पावती त्याच दिवशी फाडा.