नाशिकमध्ये रॉक बँड काढताय? आधी अर्थिंग बघा

कॉलेज रोडवर गिटार पाठीला लावलेली पोरं दिसली की थांबवून सांगावंसं वाटतं, गाणी नंतर बसवा, आधी अर्थिंग बघा. हसू नका. आमच्या बँडचं पहिलं वर्ष त्यातच गेलं.

आम्ही चौघं, मी बास गिटारवर. सराव सातपूरला, ड्रमरच्या मामांच्या लेथ वर्कशॉपमागच्या शेडमध्ये, कारखान्याला सुट्टी असेल त्या दिवशी. अँप, म्हणजे गिटारचा अँप्लिफायर, चालू केला की घूंऽऽ सुरू. तारांवर हात ठेवला की आवाज दबायचा, काढला की परत. गिटारच खराब म्हणून आम्ही केबल बदलल्या, पिकअप (तारांचा आवाज पकडणारा गिटारवरचा भाग) बदलला, चांगले आठ हजार घालवले. शेवटी मामांनी चहाचा ग्लास बाजूला ठेवून बोर्ड उघडला. अर्थिंगची वायर सुटलेली! पुढे गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर जनरेटर होता, तिथे गायकाचा ओठ माइकला लागला आणि हात तारांवर. असा झटका बसला की पहिलं कडवं तो माइकपासून हातभर लांब उभा राहून गायला. तेव्हापासून बॅगेत टेस्टर आणि माइकला स्पंजची टोपी. माइकच्या जाळीला टेस्टर लावा. दिवा लागला तर साउंडवाल्याला बोलवा, स्वतः काही करू नका.

आमचं दैवत होतं अमेरिकेतल्या मिनीआपोलिसचा 'द रिप्लेसमेंट्स' हा बँड. १९७९ मध्ये सुरू झालेला. बास वाजवणारा टॉमी स्टिन्सन तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. गायक-गीतकार पॉल वेस्टरबर्गची गाणी अशी की ऐकणारा गप्प होतो. पण १८ जानेवारी १९८६ ला 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमात हे पिऊन वाजवायला गेले, वेस्टरबर्गने शिवी हासडली आणि त्या कार्यक्रमाचे दरवाजे बँडला बंद झाले. त्याच वर्षी गिटारवादक बॉब स्टिन्सनला काढलं. त्यांचा सगळ्यात चाललेला अल्बम १९८९ चा, तोही बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत ५७ व्या क्रमांकावर अडकला. ४ जुलै १९९१ ला शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये वाजवता वाजवता एकेकाने वाद्य रोडीच्या, म्हणजे वाद्यं सांभाळणाऱ्या मदतनिसाच्या, हातात दिलं आणि बँड संपला. सप्टेंबरमध्ये 'निर्वाणा' या बँडचा 'नेव्हरमाइंड' हा अल्बम आला आणि ज्या वाटेवर हे दहा वर्षं धडपडले तिथे गर्दी झाली.

आम्हाला ही गोष्ट फार भारी वाटायची. उशिरा जायचं, साउंड चेक टाळायचा, आयोजकाशी वाकडं बोलायचं. आम्हाला वाटे हाच रॉक. त्यांचा नालायकपणा आम्ही बरोबर उचलला, गाण्यांपर्यंत पोचलो नाही. एका कॉलेजच्या महोत्सवात आम्ही सव्वानऊच्या स्लॉटला होतो. पाहुण्यांचं भाषण लांबलं, आम्हीही चहाच्या टपरीवर रमलो. स्टेजवर चढलो तेव्हा नऊ पन्नास. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे उघड्यावरचा स्पीकर रात्री दहाला बंद. दीड गाणं झालं आणि आवाज गेला. सगळ्यात चांगलं गाणं आम्ही शेवटी ठेवलं होतं.

तेव्हा पहिलंच गाणं तुमचं सर्वोत्तम हवं. कोणी म्हणेल, आधी वातावरण तापू द्या. तापवा, पण घड्याळ बघून.

पैशाचं थोडक्यात. नाशिकमध्ये स्वतःच्या गाण्यांवर पोट भरत नाही. आम्ही लग्नात हिंदी वाजवून अँपचे हप्ते फेडले, त्यात लाज नाही. पण गाणं तयार झालं त्याच दिवशी शब्द कोणाचे, चाल कोणाची, वाटा किती, हे वहीत लिहून चौघांनी सह्या करा. आम्ही लिहिलं नाही. पुढे एका जाहिरातीसाठी एक चाल कोणीतरी मागितली, तेव्हा ती कोणाची यावर गायक आणि गिटारिस्ट जे भांडले ते आजतागायत बोलत नाहीत. गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचं, म्हणजे गाण्यांची रॉयल्टी गोळा करून त्यांना देणाऱ्या संस्थेचं, सभासदत्वही घ्यावं. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर रॉयल्टीतला त्यांचा वाटा म्युझिक कंपनीला सहज लिहून घेता येत नाही, पण गाणं तुमचं आहे हे दाखवायला ते आधी कुठेतरी नोंदलेलं बरं.

रेकॉर्डिंग दोन ठिकाणी ठेवा. आमचं सगळं एकाच हार्ड डिस्कवर होतं, ती गेली. आता उरलीय ती एका श्रोत्याने मोबाइलवर घेतलेली चार मिनिटं, त्याच गंगापूर रोडच्या लॉन्सवरची. शेजारच्या लॉन्सवर वरात आली होती, नाशिक ढोल आमच्या ड्रम्सवर चढलाय, गायक ऐकूच येत नाही. मात्र तिसऱ्या मिनिटाला कधीतरी ढोलवाले आणि आम्ही नेमके एका ठेक्यावर येतो, चार आवर्तनं टिकतो आणि परत सुटतो. गर्दीतला कोणीतरी तेवढ्यात ओरडतो, "आयला, भारी!" आम्हाला म्हणाला की ढोलवाल्यांना, यावर मी आणि ड्रमर अजून वाद घालतो.