ल्युपसमध्ये अँटिजेन-स्पेसिफिक काम करताय? आधी ब्लँक वेल दाखवा

ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच, अगदी स्वतःच्या डीएनएवरही, उलटते तो आजार. अँटिजेन-स्पेसिफिक म्हणजे सगळी प्रतिकारशक्ती न दाबता एका ठराविक लक्ष्याविरुद्धचीच दाबणं. माझं पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) तेच करतं का, हे मी ल्युपसच्या उंदरांत तपासत होते. अँटीबॉडी मोजायची प्लेट रीडरमधून बाहेर आली तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. पेप्टाइड दिलेल्या उंदरांच्या वेल (प्लेटवरचे छोटे खळगे) फिकट, न दिलेल्यांच्या गर्द पिवळ्या. रंग जितका गर्द, तितक्या अँटीबॉडी जास्त. डीएनएविरुद्धच्या अँटीबॉडी निम्म्यावर! दुसऱ्या दिवशी लॅबभर पेढे वाटले. चौदा महिन्यांनी तो सगळा डेटा थीसिसमधून काढावा लागला.

झालं असं, की दुहेरी डीएनएवर ऋणभार असतो, तो प्लास्टिकला धड चिकटत नाही. म्हणून प्लेटवर आधी पॉली-एल-लायसिनचा धनभारित थर देतात. आता आजारी उंदराच्या सिरममधले (रक्तातल्या द्रवातले) इम्यून कॉम्प्लेक्सही, म्हणजे अँटीबॉडी आणि अँटिजेनचे गठ्ठे, त्याच थराला जाऊन चिकटतात. रंग येतो, पण डीएनएमुळेच आला हे कोण सांगणार? म्हणून प्रत्येक सिरमला एक जोडीची वेल हवी: थर आहे, डीएनए नाही. प्रत्येक सिरमला, बरं का! मी अख्ख्या प्लेटला एकच ब्लँक (तुलनेची वेल) ठेवला होता, तोही नुसत्या बफरचा. पुन्हा केलं तर एका मादीचं रीडिंग डीएनएसकट 1.1 आणि डीएनएशिवाय 0.9. मग एकूण आयजीजी (रक्तातल्या मुख्य प्रकारच्या सगळ्या अँटीबॉडी) मोजलं, तर तेही उतरलेलं. म्हणजे माझं पेप्टाइड सरसकट सगळंच दाबत होतं. ते स्टेरॉइडही करतं, आणि स्वस्तात. डीएनएबरोबर ओव्हाल्ब्युमिनसारख्या (अंड्यातल्या) परक्या प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडीही मोजा. त्या जागच्या जागी राहिल्या, तरच ‘स्पेसिफिक’ म्हणा.

‘तयार किट आण, कटकट मिटेल’ म्हणणारे सीनिअर भेटतील. किटमध्ये प्लेटवर नेमकं काय आहे ते त्यांना विचारा, गप्प बसतात. गाईड निवडताना पेपर मोजू नका. कच्ची रीडिंग मागणारा माणूस शोधा, कटकट्या असला तरी चालेल.

आणि अँटीबॉडी खरंच उतरल्या तरी हुरळून जाऊ नका. अ‍ॅबेटिमस या ल्युपसवरच्या औषधाने माणसांत त्या उतरवल्या होत्या, तरी मूत्रपिंडाचा आजार उसळण्यावर ठोस फरक दिसला नाही आणि 2009 मध्ये चाचणी थांबली. ल्युपसवरच्याच पी140 या पेप्टाइडची तिसऱ्या टप्प्याची चाचणीही 2018 मध्ये मुख्य निकषावर पडली. ल्युपसमध्ये अँटिजेन एक नाही, ढीगभर आहेत.

घाबरवत नाहीये. पेम्फिगस या फोड आणणाऱ्या आजारात डेस्मोग्लीन 3 या प्रथिनाचं लक्ष्य स्पष्ट आहे. तिथे फक्त त्याच्याविरुद्धच्या, अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशी टिपणाऱ्या टी पेशी 2016 मध्ये उंदरांत चालल्या. कल्पना खोटी नाही, ल्युपस अवघड आहे इतकंच. आणि वेळ असतो: ल्युपस होणाऱ्या एनझेडबी/डब्ल्यू जातीच्या उंदीर माद्यांच्या लघवीत प्रथिन दिसायला पाच-सहा महिने सहज जातात. मी त्या महिन्यांत पोस्टर रंगवत बसले. तुम्ही ब्लँक बसवून घ्या.