अँजिओग्राफीच्या आधीचं काम

कोल्हापुरात हृदयाच्या तपासण्यांवर तंत्रज्ञ म्हणून मला नऊ वर्षं झाली. आधी सीटीवर होतो, मग गामा कॅमेऱ्यावर, म्हणजे शरीरात दिलेल्या किरणोत्सर्गी औषधाचं चित्र काढणाऱ्या यंत्रावर. आमच्याकडे शिकायला येणारी मुलं हमखास विचारतात, "सीटी अँजिओत ब्लॉक दिसलाय, मग परत स्ट्रेस थॅलियम कशाला?" सीटी अँजिओ हृदयाच्या धमन्यांचं चित्र काढते. स्ट्रेस थॅलियम म्हणजे परफ्युजन स्कॅन: हृदयाला ताण देऊन त्याच्या स्नायूला रक्त किती पोचतंय, ते बघायचं. (थॅलियम हे नुसतं बोलण्यात राहिलंय. आता बहुतेक ठिकाणी टेक्नेशियम हे किरणोत्सर्गी द्रव्य वापरतात, 6 तासांत निम्मं होणारं.)

मला याचं उत्तर कागलकडच्या एका ऊसकरी मामांनी दिलं. जोतिबाच्या पायऱ्या चढताना त्यांच्या छातीवर दाब यायचा. सीटीत कॅल्शियम स्कोअर, म्हणजे धमन्यांत साचलेल्या कॅल्शियमचं माप, 400 च्या वर गेला. 130 हाउन्सफील्डच्या (सीटीतलं घनतेचं एकक) पुढचं सगळं त्यात मोजलं जातं, आणि असं दाट कॅल्शियम पडद्यावर आहे त्यापेक्षा फुगून दिसतं. त्यामुळे पुढच्या मुख्य धमनीत अडथळा निम्मा की त्याहून जास्त, हे ठरेना. डॉक्टर समजावत होते, तर मामा म्हणाले, "पाट अरुंद झालाय म्हनता, पर शेताला पाणी पोचतंय का न्हाई ते सांगा की!"

सीटी पाट दाखवतं, परफ्युजन स्कॅन शेत दाखवतो. मामांच्या हृदयाच्या पुढच्या भिंतीने ताणातही औषध सारखं उचललं होतं. खालची भिंत मात्र फिकी दिसत होती. सीटी वापरून अटेन्युएशन (वाटेत शरीरात किरण अडल्याने होणारी घट) दुरुस्त केल्यावर तीही भरली, म्हणजे ती छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या स्नायूची सावली होती. कॅथ लॅब, म्हणजे धमनीत नळी घालून करायची अँजिओग्राफी, टळली, गोळ्या सुरू झाल्या.

याच्या उलटही घडतं, आणि ते जास्त घातक. परफ्युजन म्हणजे एका भागाची दुसऱ्या भागाशी तुलना. तिन्ही धमन्या सारख्याच अरुंद असतील, तर सगळीकडे सारखंच कमी पाणी आणि चित्र ठीकठाक. तिथे सीटीच खरं सांगतं.

दोन्ही चित्रं एकावर एक बसवायला शिका. हृदयाच्या डाव्या कप्प्याचे 17 भाग पाठ करा, पण कुठल्या भागाला कुठली धमनी, या तक्त्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. खालच्या भिंतीला कुणाची उजवी धमनी रक्त देते, कुणाची डावी सर्कमफ्लेक्स. कुठला ब्लॉक कुठल्या भागाला नडतोय, हे त्या माणसाच्या धमन्यांचं झाड बघूनच कळतं. संगणकाने जुळवलेली कड मी दर वेळी हाताने तपासतो. थोडी सरकली तरी नसलेला दोष तयार होतो.

दोन्ही तपासण्या सरसकट करू नयेत, असं माझं ठाम मत आहे. सीटीत धमन्या स्वच्छ असतील तर तिथेच थांबावं. किरणोत्सर्गही वाचतो, पैसाही.

शिक्षणाबद्दल एवढंच, की सीटीच्या पदवीवर गामा कॅमेऱ्यावर बसता येत नाही. एईआरबीला (अणुऊर्जा नियामक मंडळाला) मान्य अशी वेगळी पात्रता लागते. मी त्यासाठी मुंबईला राहून आलो.

सीटीआधी नाडी 60 च्या आसपास आणा आणि श्वास रोखायची तालीम टेबलावर झोपवूनच करून घ्या. परफ्युजन स्कॅनसाठी हृदयाला ताण देणारं एडिनोसिन हे औषध द्यायच्या आधी दम्याचं विचारा. आणि चहाचं विचारा. कॅफीन एडिनोसिनची जागा अडवतं, मग ताणच येत नाही आणि खोटा नॉर्मल रिपोर्ट निघतो.

हे मी चूक करून शिकलो. गडहिंग्लजहून पहाटेच्या एसटीने एक आक्का आल्या होत्या. मी विचारलं, "उपाशी आहात ना?" त्या म्हणाल्या, "व्हय." औषध भरताना त्यांच्या सुनेच्या बोलण्यातून कळलं, स्टँडवर चहा झाला होता. आपल्याकडे चहाने उपास मोडत नाही. माझा प्रश्नच अपुरा होता. तपासणी पुढे ढकलावी लागली, त्यांचा दिवस आणि भाडं वाया गेलं. तेव्हापासून आदल्या दिवशी सकाळीच मी स्वतः फोन करतो आणि चहा, कॉफी, कोल्ड्रिंक एकेक नाव घेऊन सांगतो.

पुढच्या गुरुवारी आक्का परत आल्या. दारातूनच म्हणाल्या, "कालपासनं चहाचा घोट न्हाई घेतला बघ, लेकरा." त्या दिवशी त्यांच्या पुढच्या भिंतीत मोठा दोष स्पष्ट दिसला, सीटीतल्या ब्लॉकच्या बरोबर खाली. संध्याकाळच्या आत त्या कॅथ लॅबमध्ये होत्या.