इंग्रजीत ‘अँड’ आणि ‘ऑर’ने नामं कशी जोडावीत

‘स्वतःला शेवटी ठेवा आणि नेहमी आय म्हणा’ असा नियम तुम्हाला कुणी शिकवला असेल, तर त्यातला अर्धाच लक्षात ठेवा. स्वतःला शेवटी ठेवायचं, हे बरोबर आहे. ‘नेहमी आय’ हे साफ चूक आहे, आणि इंग्रजी पत्रं तपासताना मला सगळ्यात जास्त दुरुस्त्या याच एका चुकीपायी कराव्या लागतात. तिच्याकडे येतेच. त्याआधी दोन सोप्या पायऱ्या.

पहिली पायरी: ‘अँड’ की ‘ऑर’ ते ठरवा

मराठीत आपण जोडशब्द बोलतो आणि मधलं ‘आणि’ किंवा ‘किंवा’ गाळून टाकतो. इंग्रजीत ते सहसा गाळता येत नाही. शाळेत शिकलेला द्वंद्व समास इथे कामाला येतो. ‘आईवडील’ हा इतरेतर द्वंद्व, म्हणून ‘मदर अँड फादर’. ‘तीन-चार’ हा वैकल्पिक, म्हणून ‘थ्री ऑर फोर पीपल’. ‘थ्री फोर पीपल’ असं कुणी म्हटलं की इंग्रजी कानाला ते अडखळल्यासारखं वाटतं. ‘केरकचरा’ हा समाहार द्वंद्व, म्हणजे दोन्ही शब्द मिळून एकाच ढिगाचं नाव, आणि त्याची इंग्रजीत जोडी करायला जाऊच नका. ‘रबिश’ एवढा एक शब्द पुरतो.

दुसरी पायरी: क्रम

काही जोड्यांचा क्रम ठरून गेलेला असतो. याकोव मालकिएल या भाषाशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये अशा न उलटणाऱ्या जोड्यांवर खास निबंध लिहिला होता. ‘नाइफ अँड फोर्क’, ‘सॉल्ट अँड पेपर’ यांत आखूड शब्द आधी येतो किंवा निदान लांब शब्द आधी येत नाही, पण ‘लेडीज अँड जेंटलमेन’सारख्या जोड्यांत रूढीच चालते. मराठीवरून अंदाज बांधू नका. आपण ‘दक्षिणोत्तर’ म्हणतो, ते ‘नॉर्थ अँड साउथ’ म्हणतात. आपलं ‘रक्तमांस’ तिकडे ‘फ्लेश अँड ब्लड’ होतं. ऐका आणि जोडी अख्खी पाठ करा. बोलताना ‘अँड’वर जोर देऊ नका. आपलं ‘आणि’ जसं बोलण्यात ‘नि’ किंवा ‘अन्’ होतं, तसं त्यांचं ‘अँड’ नुसतं ‘न’ होऊन जातं.

तिसरी पायरी: ‘आय’ की ‘मी’

इथे थांबा आणि सावकाश वाचा. या पायरीवर माझी काही वर्षं गेली.

नोकरीच्या सुरुवातीला मी एका पत्रात लिहिलं, ‘प्लीज इन्फॉर्म माय कलीग अँड आय’. वरिष्ठांनी ‘आय’भोवती लाल गोल केला आणि कारण न सांगता पत्र परत दिलं. ‘आय’ चुकीचं असतं असं समजून मी पुढच्या पत्रात लिहिलं, ‘माय कलीग अँड मी हॅव फिनिश्ड द वर्क’. पुन्हा लाल गोल. मग कुणीतरी एक सूत्र दिलं: मराठीत ‘मी’ असेल तिथे इंग्रजीत ‘आय’, मराठीत ‘मला’ असेल तिथे इंग्रजीत ‘मी’. उच्चार मराठी ‘मी’सारखाच असणारा हा इंग्रजी शब्द अर्थाने आपल्या ‘मला’च्या जवळचा आहे. ही गल्लत आधीच पुरेशी त्रासदायक असते, त्यामुळे ते सूत्र मला देवासारखं भेटलं.

हे सूत्र वापरू नका. ‘मला आणि माझ्या बहिणीला गणित आवडतं’ हे वाक्य घ्या. सूत्राप्रमाणे होतं ‘माय सिस्टर अँड मी लाइक मॅथ्स’, आणि ते चूक आहे. ‘मला वाटतं’, ‘मला भूक लागली’, ‘मला पोहता येतं’ अशी आपली असंख्य वाक्यं ‘मला’ने सुरू होतात आणि इंग्रजीत त्या सगळ्यांचा कर्ता ‘आय’ असतो. मराठी आणि इंग्रजी वाक्यांची घडणच वेगळी, म्हणून परीक्षा मराठी वाक्यावर घ्यायची नाही. ती इंग्रजी वाक्यावरच घ्यायची.

परीक्षा अशी. जोडीतल्या दुसऱ्या माणसाला क्षणभर बाजूला करा आणि उरलेलं इंग्रजी वाक्य मोठ्याने म्हणा. ‘प्लीज इन्फॉर्म माय कलीग अँड…’ यातून कलीग काढला की उरतं ‘प्लीज इन्फॉर्म मी’. ‘प्लीज इन्फॉर्म आय’ असं कुणाच्याही तोंडून येणार नाही. म्हणजे पूर्ण वाक्य ‘प्लीज इन्फॉर्म माय कलीग अँड मी’. आता ‘माय सिस्टर अँड… लाइक मॅथ्स’. बहीण काढा: ‘आय लाइक मॅथ्स’. म्हणजे ‘माय सिस्टर अँड आय’. जोडीत अडकलेला शब्द एकटा उभा केला की तुमचा कानच उत्तर देतो.

ही परीक्षा एका ठिकाणी चालत नाही: ‘बिटवीन’. ‘बिटवीन’ला दोघं लागतातच, त्यामुळे एकाला काढलं की वाक्यच उरत नाही. तिथे अख्ख्या जोडीच्या जागी ‘वी’ किंवा ‘अस’ ठेवून पाहा. ‘बिटवीन अस’ म्हणतात, ‘बिटवीन वी’ कुणी म्हणत नाही. ‘अस’ बसत असेल तर जोडीत ‘मी’ येतो, म्हणून ‘बिटवीन यू अँड मी’. ही दुसरी परीक्षा इतर वाक्यांतही चालते आणि आता मी बहुतेक वेळा तीच वापरते. ‘वी’ आणि ‘अस’ यांत आपली सहसा चूक होत नाही.

‘बिटवीन यू अँड आय’ हे सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून चांगल्या इंग्रज लेखकांकडेही सापडतं, असं सांगून काही जण ते खपवतात. सापडतं हे खरं आहे. तरी तुमचा अर्ज वाचणारा माणूस त्याला चूकच समजणार, म्हणून लिहू नका. उलट, ‘मी अँड माय ब्रदर वेन्ट’ असं इंग्रजी मातृभाषा असलेले लोक घरगुती बोलण्यात सर्रास बोलतात. ते ऐकून गोंधळू नका, त्यांना दुरुस्तही करू नका. फक्त लिहिताना ते उचलू नका.

आणि ‘आय’ की ‘मी’ ठरत नाही म्हणून ‘मायसेल्फ’च्या आड लपू नका. ‘प्लीज कॉन्टॅक्ट माय मॅनेजर ऑर मायसेल्फ’ हे नम्र किंवा भारदस्त वाटत असेल, पण तिथे साधा ‘मी’च हवा. ही पळवाट इतकी पसरली आहे की मला तिची खरोखर चीड येते.

चौथी पायरी: क्रियापद

‘अँड’ने जोडलेले दोन म्हणजे अनेकवचन, हे तुम्हाला माहीत आहे. अपवाद तेवढे बघून ठेवा. ‘ब्रेड अँड बटर’ हा एकच पदार्थ धरला तर ‘इज’. ‘एव्हरी बॉय अँड गर्ल’नंतर ‘हॅज’. ‘ॲज वेल ॲज’ने जोडलेलं नाम मोजायचंच नाही: ‘द मॅनेजर, ॲज वेल ॲज द क्लार्क्स, इज…’. ‘आयदर… ऑर’मध्ये क्रियापद जवळच्या नामाप्रमाणे चालतं, म्हणून अनेकवचनी नाम शेवटी ठेवा: ‘आयदर द मॅनेजर ऑर द क्लार्क्स आर…’.

एक बारीक गोष्ट मात्र फार उपयोगी आहे. ‘माय फ्रेंड अँड कलीग इज हिअर’ म्हणजे एकच माणूस, जो मित्रही आहे आणि सहकारीही. ‘माय फ्रेंड अँड माय कलीग आर हिअर’ म्हणजे दोन माणसं. एका ‘माय’वर माणसांची संख्या बदलते.

पाचवी पायरी: विशेषण आणि स्वल्पविराम

‘जुनी पुस्तकं आणि कागद’ म्हटलं की कागद जुने नसावेत असा अंदाज मराठीत निदान बांधता येतो, कारण एकट्या कागदांना ‘जुने’ लागलं असतं. इंग्रजी विशेषणाला लिंग नाही. ‘ओल्ड बुक्स अँड पेपर्स’मध्ये कागद जुने की नवे, हे वाचणाऱ्यावर सोडलेलं असतं. फक्त पुस्तकं जुनी असतील तर क्रम उलटा करा: ‘पेपर्स अँड ओल्ड बुक्स’. शंका मिटली.

तीन किंवा जास्त नामं असतील तर शेवटच्या ‘अँड’ किंवा ‘ऑर’आधी स्वल्पविराम द्यावा का, यावर वाद आहे. द्या, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या कायद्यात ओव्हरटाइम न मिळणाऱ्या कामांची यादी होती आणि ती ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ अशी संपत होती, ‘ऑर’आधी स्वल्पविराम नव्हता. वितरण हे वेगळं काम की वितरणासाठीचं पॅकिंग? एका डेअरीचे ट्रकचालक वितरण करत होते, पॅकिंग करत नव्हते. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने या संदिग्धतेचा फायदा चालकांना दिला आणि २०१८ मध्ये प्रकरण ५० लाख डॉलरच्या तडजोडीवर मिटलं.

सहावी पायरी: कुणाचं घर

दोन्ही बहिणींचं घर एकच असेल तर ‘अ‍ॅपॉस्ट्रफी एस’ फक्त शेवटच्या नावाला लागतो. घरं वेगवेगळी असतील तर दोन्ही नावांना. जोडीत तुम्ही स्वतः असाल तर प्रकरण अवघड होतं. ‘माय हज्बंड अँड आय्ज हाउस’ असं लिहिलेलं मी कितीतरी वेळा खोडलं आहे. व्याकरणाने शुद्ध रूप ‘माय हज्बंड्स अँड माय हाउस’ असं आहे, पण ते वाचताना जीभ अडकते आणि पहिल्या वाचनात अर्थही लागत नाही. तिसऱ्या पायरीतली जोडीच्या जागी एक शब्द ठेवायची युक्ती इथेही वापरा, आणि या वेळी तो शब्द तसाच राहू द्या: ‘अवर हाउस’.