स्पेस इंजिनिअर्समध्ये लघुग्रह कसा खणावा: ड्रिलच्या आधी ब्रेक बघा

स्पेस इंजिनिअर्स या अंतराळात यानं आणि तळ बांधायच्या व्हिडिओ गेममध्ये पहिलं खाणयान बांधताना सगळा जीव ड्रिलमध्ये अडकलेला असतो. माझाही होता. पुढे पाच ड्रिल, मधे मोठा कार्गो कंटेनर, मागे दणकट आयन थ्रस्टर (विजेवर चालणारं, यानाला ढकलणारं इंजिन), आणि ब्रेकसाठी नाकाशी चार छोटे. जाताना यान अगदी हलकं चाललं. परतताना कंटेनर काठोकाठ भरला होता. तळ दीड किलोमीटरवर आल्यावर मी नेहमीप्रमाणे बटण सोडलं, यानाला आपोआप थांबवणारे डॅम्पनर चालू होते, आणि तरीही यान थांबेना. दोन दिवस खपून उभारलेली रिफायनरी, म्हणजे खनिजातून धातू काढणारं यंत्र, त्या धडकेत गेली. म्हणून या लेखात वजनाचा हिशोब आधी घेतो.

छोट्या ग्रिडच्या, म्हणजे लहान ब्लॉकांनी बांधलेल्या यानाच्या, मोठ्या कंटेनरमध्ये १५,६२५ लिटर जागा असते. या खेळात कोणत्याही खनिजाचा एक किलो ०.३७ लिटर जागा घेतो. म्हणजे इन्व्हेंटरीचं (माल साठवायच्या क्षमतेचं) सेटिंग १ पट असेल तर भरलेल्या कंटेनरमध्ये साधारण ४२ टन माल बसतो. रिकामं यान १५ टनांचं धरा. छोट्या आयन थ्रस्टरचा जोर १४.४ किलोन्यूटन, चार मिळून ५७.६. ताशी नव्हे, सेकंदाला १०० मीटर या कमाल वेगावरून रिकामं यान थांबायला सुमारे १,३०० मीटर लागतात. भरलेलं यान ५७ टनांचं झालं, की तेच अंतर जवळपास पाच किलोमीटर होतं. त्याच जागी चार छोटे हायड्रोजन थ्रस्टर लावले, तर एकेकाचा जोर ९८.४ किलोन्यूटन, आणि भरलेलं यानही सव्वासातशे मीटरच्या आसपास थांबतं. मात्र हायड्रोजन जळून संपतो आणि तो बर्फापासून बनवायचा असतो, त्यामुळे बर्फ सतत आणत राहावं लागतं. बर्फाचा साठा जवळ असेल तर मी ब्रेकसाठी डोळे झाकून हायड्रोजनच निवडतो.

सुरुवात हातातल्या ड्रिलने

यान बांधायलाही लोखंड लागतं, ते आधी हाताने काढायचं. डावं क्लिक केलं की खणलेला माल सूटमध्ये जमा होतो. उजव्या क्लिकने भराभर खड्डा पडतो, पण माल हाती येत नाही. वाट करायची असेल तेव्हा उजवं, खनिज दिसलं की डावं. सुरुवातीला साधा दगडही फेकू नका. सर्व्हायव्हल किट या सुरुवातीच्या छोट्या यंत्रात टाकला तर त्यातून थोडं लोखंड, निकेल आणि सिलिकॉन निघतं, आणि पहिल्या तासाला तेवढं पुरतं. सूटमधली बॅटरी, ऑक्सिजन आणि जेटपॅकचं हायड्रोजन यांच्यावर मात्र लक्ष ठेवा. माल भरलेला खाणकामगार जेटपॅकवरही जड होतो.

यानात काय हवं

ड्रिलचा घेर यानाच्या घेरापेक्षा मोठा हवा, ही एक गोष्ट अजिबात चुकवू नका. ड्रिल जेवढं भोक पाडेल त्यातूनच मागचा सगळा सांगाडा जायचा असतो. कडेचा एखादा थ्रस्टर दोन ब्लॉक बाहेर आला, तर तोच आधी खडकाला घासून तुटतो. ड्रिलपासून कंटेनरपर्यंत आणि पुढे कनेक्टरपर्यंत (यान तळाला जोडायच्या भागापर्यंत) कन्व्हेयरची, म्हणजे माल वाहणाऱ्या नळ्यांची, वाट सलग आहे का, ते उडण्याआधी तपासा. यान वळवणारे जायरोस्कोप हिशोबापेक्षा एक-दोन जास्तच घ्या, भरलेलं यान वळायला आळशी होतं. नाकाशी एक दिवा लावा, कारण बोगद्यात मिट्ट काळोख असतो.

दगडाची सोय मी आता प्रत्येक यानात करतो. लघुग्रहात दगडच सर्वात जास्त, आणि तो कंटेनर खाऊन टाकतो. कन्व्हेयरवर माल निवडणारा एक सॉर्टर बसवा, त्याच्या यादीत फक्त दगड ठेवा, 'ड्रेन ऑल' चालू करा आणि त्याच्या पुढे माल बाहेर फेकणारा एक इजेक्टर जोडून त्याचं 'थ्रो आउट' चालू करा. इजेक्टरचं तोंड मागे किंवा बाजूला असू द्या. तोंड पुढे असेल तर टाकलेले दगड तुमच्याच वाटेत तरंगत राहतात.

खनिज शोधणं

छोट्या ग्रिडच्या ओअर डिटेक्टरचा (खनिज शोधणाऱ्या यंत्राचा) पल्ला ५० मीटर, मोठ्याचा १५०. म्हणजे छोट्या यानातून शेकडो मीटर रुंदीच्या लघुग्रहाचं पोट बाहेरून दिसणार नाही. आधी पृष्ठभागाला धरून सावकाश एक फेरी मारा. काही सापडलं नाही, तर उजव्या क्लिकने मधोमध बोगदा पाडत आत जा आणि डिटेक्टरवर नजर ठेवा. काही दिसलं की टर्मिनल उघडून जीपीएसमध्ये तिथली जागा नोंदवा आणि नावातच खनिज लिहा. बोगद्याच्या तोंडाचीही वेगळी नोंद करा. लघुग्रहाला गुरुत्वाकर्षण नाही, त्यामुळे आत दोन वळणं घेतली की वर कुठे आणि खाली कुठे याचा पत्ता लागत नाही.

काय शोधायचं, तेही आधी ठरवा. लोखंड, निकेल, सिलिकॉन ग्रहावरही मिळतं. पृथ्वीसारख्या ग्रहावर प्लॅटिनम नाही आणि रिअॅक्टरचं युरेनियम तर लघुग्रहांतच शोधावं लागतं. आयन थ्रस्टरच्या सुट्या भागाला प्लॅटिनम लागतं, म्हणून अंतराळात यायचं खरं कारण हीच दोन खनिजं.

खणणं आणि परतणं

खनिजाची शिरा दिसली की यान सरळ रेषेत ठेवा आणि अगदी संथ, सेकंदाला एक-दोन मीटरने पुढे सरका. घाई केली तर ड्रिलला खडक कापायला वेळ मिळत नाही आणि यान आदळतं. आत वळू नका. मागे सरकून बाहेर या, थोडं बाजूला व्हा आणि नवं भोक पाडा.

परतायची वेळ झाली की तळापासून पाच-सहा किलोमीटरवर असतानाच एकदा ब्रेक मारून बघा. वेग किती सेकंदांत निम्मा होतो ते मोजा, पूर्ण थांबायला त्याच्या दुप्पट लागतो, आणि तेवढा वेळ हाताशी राखून पुढे जा. तळाच्या नाकासमोरून कधीही येऊ नका, बाजूने या, म्हणजे थांबणं चुकलं तरी यान मोकळ्या जागेत निघून जाईल. कनेक्टर जुळला की माल कन्व्हेयरने आत जातो आणि रिफायनरी तो आपणच ओढून घेते.

खऱ्या अंतराळातही ओझं हाच प्रश्न आहे. नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाने बेनू लघुग्रहावरून २०२३ साली पृथ्वीवर आणलेला नमुना १२१.६ ग्रॅमचा होता. खेळात आपण टनांनी आणतो, पण त्यातलं बहुतेक ओझं वाया जाणारंच असतं. लोखंडाच्या खनिजातून ७० टक्के धातू निघतो, सोन्यातून १ टक्का, प्लॅटिनममधून अर्धा. एक टन प्लॅटिनमचं खनिज तळावर ओढून नेलं तरी हाती पाच किलो लागतात. म्हणून प्लॅटिनमची चांगली शिरा सापडली की मी माल नेत नाही. त्या लघुग्रहाच्याच अंगावर एक रिफायनरी, बॅटऱ्या, सौर पॅनेल आणि कनेक्टर उभारतो, यान बोगदा ते कनेक्टर एवढ्याच खेपा मारतं, आणि तळाकडे फक्त शुद्ध धातू जातो. तेवढ्या हलक्या यानाला नाकाशी चार छोटे आयन थ्रस्टरही पुरतात.