उघड्यावर राहायची वेळ आली तर: होनोलुलू आणि न्यूयॉर्क

थंडी नाही म्हणून हवाई बेटांवरचं होनोलुलू सोपं वाटतं. तिथे घात करतो तो दमटपणा. पायाला नुसतं खरचटलं तरी किनाऱ्यावरच्या शॉवरखाली साबणाने धुवा, पूर्ण कोरडं करा, मगच पट्टी बांधा. समुद्राच्या पाण्याने जखम बरी होते ही समजूत सोडा. लाली पसरू लागली किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. उघडी जखम घेऊन ओढ्यात उतरू नका, लेप्टो (दूषित पाण्यातून होणारा ताप) होऊ शकतो. नारळाच्या झाडाखाली तर झोपूच नका. वायकिकी या किनाऱ्यालगतच्या पर्यटन भागात फुटपाथवर बसण्या-झोपण्यावर २०१४ पासून बंदी आहे.

न्यूयॉर्कचं गणित वेगळं. १९८१ च्या न्यायालयीन तडजोडीपासून तिथे निवारा मागता येतो. ३११ या शहराच्या मदत क्रमांकावर फोन करून नोंदणी केंद्र विचारा. दुपारी ४ ते सकाळी ८ दरम्यान पारा शून्य अंशावर किंवा खाली गेला की ‘कोड ब्लू’ हा थंडीचा इशारा लागतो, तेव्हा कुणालाही निवाऱ्यात घेतात. तोवर बाहेरच असाल तर अंगावर घेण्यापेक्षा अंगाखाली जास्त घाला: पुठ्ठ्याचे तीन-चार थर, कारण अंगातली ऊब जमीन ओढून घेते. घामाने ओले झालेले मोजे झोपण्याआधी बदला. दारू प्यायल्यावर ऊब वाटते, पण शरीर उलट लवकर गार पडतं.